चौरंग, पाट, जमीन

"मांडी घालून बसा, दक्षिणेकडे तोंड करा," गुरुजी म्हणाले. नुकतंच मुंडण झालेला, पंचेचाळिशीच्या आसपासचा तो माणूस रामकुंडाच्या ओल्या फरशीवर बसायला वाकला आणि अर्ध्यात अडकला. एक हात मागे टेकला, दुसरा धाकट्या भावाच्या खांद्यावर. कसाबसा खाली पोचला, तर गुडघे जवळजवळ छातीच्या उंचीला आणि पाठ मागे कलंडलेली. समोरच्या पंचपात्रापर्यंत हात पुरेना. दोनदा त्याने पाय हाताने आत ओढून पाहिले. तिसऱ्यांदा गुडघ्यात कळ आली असावी, कारण ओठ घट्ट मिटले गेले. गुरुजींना हे रोजचंच. त्यांनी काही न बोलता मागचं लाल प्लॅस्टिकचं स्टूल पुढे सरकवलं. "राहू द्या. यावर बसा. भाव महत्त्वाचा." शेजारी त्याची आत्या होती, सत्तरी ओलांडलेली. ती उकिडवी बसली होती, दोन्ही टाचा फरशीला पूर्ण टेकलेल्या, आणि स्टुलावरून पुतण्याचा हात पिंडांपर्यंत पोचत नव्हता तेव्हा तीच त्याचं मनगट धरून खाली आणत होती. तीळ-पाणी तसंच सोडलं गेलं, दोघांच्या हातांनी.

विधी नीट पार पडला. कुणी हसलं नाही, कुणी टोकलं नाही. तरी स्टुलावर बसलेल्या त्या माणसाचा चेहरा काही केल्या मनातून जात नाही.

आईच्या दहाव्याला जमिनीवर बसता येत नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. त्याआधी कळायला काही कारणच नव्हतं. जमीन आपल्यापासून एका दिवसात लांब गेलेली नाही. आधी चूल जमिनीवरून ओट्यावर गेली, मग पंगतीची जागा टेबलाने घेतली. गादीखाली पलंग आला, आणि शेवटी संडासात कमोड बसला. यातलं प्रत्येक पाऊल कुणाच्या तरी सोयीसाठी होतं आणि बरंचसं योग्यच होतं. गुडघे झिजलेल्या आजीला कमोडने जो सुटकेचा श्वास दिला, त्याची किंमत कमी लेखता येत नाही. पण कमोड आला तो आजीसाठी, आणि वापरू लागलं पाच वर्षांचं पोरही. घोटा, गुडघा आणि खुबा हे तिन्ही सांधे टोकापर्यंत वाकण्याचा दिवसातला एकमेव प्रसंग उरला होता, तोही गेला. सांधा ज्या कोनात महिनोन्‌महिने जात नाही, तो कोन शरीर हळूहळू परका मानतं.

उलट बाजूही पाहायला हवी. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-पिंपळगावकडच्या बागांत पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येतात. दुपारी भाकर खायला बाया मांडवाच्या सावलीत उकिडव्या बसतात, बोलत, सहज, अर्धा अर्धा तास. त्या लवचिकतेकडे पाहून हेवा वाटतो. मग त्या उठतात आणि पुन्हा विरळणीला लागतात. मान वर, हात डोक्याच्या वर, घडातले मणी कात्रीने काढत तासन्‌तास. संध्याकाळी त्यांच्या माना आणि खांदे ठणकत असतात. त्यांचे खुबे मोकळे आहेत म्हणून अंग निरोगी आहे, असं नाही. शरीर फक्त तेवढंच राखतं जेवढं रोज मागितलं जातं, आणि जिथे अति मागितलं जातं तिथे दुखतं. "पूर्वीची माणसं कशी काटक" हे वाक्य म्हणूनच अर्धवट वाटतं.

ताठरपणा म्हणजे नेमकं काय, याबद्दल मोठा गैरसमज आहे. आपण समजतो, स्नायू ही दोरी आहे, आखूड झाली आहे, ओढून लांब करायची. सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर जा. तीन-चार जण तरी कंबरेत वाकून, गुडघे ताठ ठेवून, पायाच्या अंगठ्यांकडे हिसके मारताना दिसतील. एक, दोन, तीन, प्रत्येक झोक्याला तोंडातून हुंकार. आता स्नायूच्या आत काय चालतं ते बघा. तंतूंच्या मधे चातीच्या आकाराची बारीक इंद्रियं असतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने, याची खबर ती मज्जारज्जूला देतात. वेगाने ताणलं की मज्जारज्जूकडून उलटा हुकूम येतो, आकस. लिडेल आणि शेरिंग्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये हा प्रतिक्षेप मांडला. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच जातीचा. म्हणजे हिसका मारणारा माणूस ज्या स्नायूला सैल करू पाहतो, त्यालाच दर सेकंदाला आकसायला सांगत असतो.

हळू ताणलं की ही राखण सैल पडते. नियमित ताण देणाऱ्यांचा कोन पहिल्या काही आठवड्यांत वाढतो तेव्हा स्नायू लांब झालेला असतोच असं नाही. बराचसा फरक सहनशक्तीचा असतो. पूर्वी ज्या ठिकाणी मेंदू "बस, पुढे नको" म्हणायचा, तिथे तो आता आणखी थोडं जाऊ देतो. वेप्लर आणि मॅग्नसन या संशोधकांनी २०१० मध्ये ही मांडणी नीट केली, आणि ती मनाला फार पटते. कारण मग ताणण्याची सगळी पद्धतच बदलते. जबरदस्ती करायची नसते. रोज त्याच उंबऱ्याशी जायचं, थांबायचं, श्वास सोडायचा, परत यायचं.

वेळेचाही प्रश्न आहे. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर जास्त भरते ती यामुळेच. त्या अवस्थेत कमरेतून खोल वाकलं की चकतीवर ताण जास्त येतो. ज्यांची कंबर आधीच धरते, त्यांनी उठल्यावर पहिला तासभर तरी खाली वाकायचे व्यायाम करू नयेत. त्यात नाशिकची थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा बातमीत असतो तेव्हा शहरातही पहाटे बोटं वाकत नाहीत. थंड स्नायू ताणू नये. आठ-दहा मिनिटं झपझप चालावं, कानाच्या पाळ्या गरम झाल्या की मग अंग मोकळं करायला घ्यावं. धावण्याआधी मात्र स्थिर ताण लांबवू नये. एका स्नायूला मिनिटापेक्षा जास्त धरून ठेवलं की त्याची ताकद तात्पुरती थोडी उतरते. धावण्याआधी पाय पुढेमागे झुलवणं, लांब ढांगा टाकणं पुरे. आणि ताणल्याने दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं टळेल ही आशा सोडावी, त्यात नगण्य फरक पडतो.

आता मांडीकडे येऊ. मांडी घालता येत नाही म्हटलं की बोट गुडघ्याकडे जातं. गुडघा हा मुख्यतः बिजागरीचा सांधा, पिळायला फार थोडी जागा. मांडी घालताना फिरायचं असतं खुब्याने, बाहेरच्या बाजूला. तो फिरला नाही की उरलेला पीळ गुडघ्यावर उतरतो आणि आतली कूर्चेची गादी चिमटते. रामकुंडावर त्या माणसाने पाय हाताने ओढले तेव्हा हेच झालं असणार. म्हणून गुडघे हाताने खाली दाबू नयेत, कुणाला पाठीमागून दाबायला सांगू नये, फुलपाखरासारखे फडफडवूही नयेत. त्याऐवजी बैठक उंच करावी. जाड सतरंजी घडी करून दहा-पंधरा सेंटीमीटरचा थर करा आणि त्याच्या पुढच्या कडेवर बसा, म्हणजे ओटीपोट किंचित पुढे कलेल. गुडघे खुब्यापेक्षा खाली आले पाहिजेत. नाही आले तर आणखी एक घडी. रोज पाच मिनिटं, अडीच मिनिटांनी वरचा पाय बदलून. आपण सगळे आयुष्यभर एकाच बाजूची मांडी घालतो, दुसरी बाजू घातली की अंग परकं वाटतं, ते वाटू द्यावं. पंधरा दिवसांनी एक घडी काढायची. चार घड्या उतरायला दोन महिने लागतात आणि घाई केली की गुडघा लगेच सांगतो.

खुब्याला वेगळा ताण द्यायचा तर पाठीवर झोपून द्यावा. दोन्ही गुडघे वाकवा. उजवा घोटा डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, असा ठेवा की घोट्याचं हाड मांडीच्या पलीकडे जाईल. उजवं पाऊल नडगीकडे ओढून धरा, त्याने गुडघा जागेवर राहतो. मग डाव्या मांडीमागे हात गुंफून पाय छातीकडे आणा. ताण उजव्या कुल्ल्यात खोल लागला पाहिजे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला लागला तर पाय थोडा दूर सोडा. माकडहाड जमिनीवरून उचललं गेलं की ताण पाठीत निसटतो, म्हणून ते टेकलेलंच हवं. अर्धं मिनिट धरायचं, दोन-तीन वेळा. साठीच्या पुढे असाल तर पूर्ण मिनिट. आणि जांघेत पुढच्या बाजूला हाड हाडाला लागल्यासारखी चिमट बसली तर तिथे थांबायचं. प्रत्येकाच्या खुब्याची खोबणी एकसारखी नसते. काहींची मांडी जन्मभर अर्धीच बसणार, त्यात त्यांचा दोष नाही.

उकिडवं बसणं हा घोट्याचा विषय आहे, आणि घोट्याकडे कुणी बघतच नाही. मोजायची रीत सोपी. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. पाऊल मागे मागे नेत जा. गुडघा शेवटचा जिथे टेकतो तिथे अंगठा आणि भिंत यांतलं अंतर पट्टीने मोजा. दहा सेंटीमीटरच्या आसपास असेल तर घोटा चांगला. पाच-सहा असेल तर उकिडवं बसताना टाच उचलणार, नाहीतर माणूस मागे कलंडणार. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रासमोर आठ तास सेफ्टी बूट घालून उभं राहणाऱ्यांचे घोटे असेच बांधलेले असतात, कडक तळव्यात घोटा वाकतच नाही. पोटरीत दोन थर आहेत. वरच्या थराला ताण द्यायचा तर मागचा गुडघा सरळ ठेवून भिंत ढकलायची. खालच्याला द्यायचा तर त्याच जागी मागचा गुडघा वाकवायचा. लोक पहिलं करतात आणि दुसरं विसरतात, आणि उकिडवं बसताना अडवतो तो हा विसरलेलाच. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत जायला हवा, आत कोसळता कामा नये. ताण पोटरीऐवजी घोट्याच्या पुढे चिमटीसारखा लागला तर अडसर सांध्यात आहे, पोटरी ताणून तो निघत नाही. तोवर टाचांखाली दोन-तीन सेंटीमीटरची फळी सरकवावी, खिडकीच्या गजाला धरावं आणि बसावं, अर्धं मिनिट, मग मिनिट.

मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी उभ्याने वाकण्यापेक्षा जुनी ओढणी बरी. पाठीवर झोपा, ओढणी तळपायाला अडकवा, दुसरा पाय जमिनीवर सरळ. गुडघा किंचित वाकलेला ठेवून पाय वर आणा, ओढ सुरू होते तिथे थांबा. आता टाच ओढणीविरुद्ध खाली दाबा, पूर्ण नाही, निम्म्या जोराने, मनात सहा आकडे मोजून. सोडा. श्वास बाहेर जाताना पाय आपोआप बोटभर पुढे येतो. तिथे वीस-तीस सेकंद. असं तीनदा. कबाट आणि नॉट यांनी १९४० च्या दशकात लकवा झालेल्यांसाठी बसवलेल्या उपचारातून ही युक्ती आली आहे. गुडघ्यामागे किंवा पोटरीत विजेसारखी झिणझिण झाली, आणि हनुवटी छातीला लावल्यावर ती वाढली, तर ताणली जाते आहे ती नस. नसेला ओढून धरायचं नसतं, लगेच सोडायचं. हे रोज होत असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

एवढं सगळं करूनही खाली बसलेला माणूस उठू शकला नाही तर काय उपयोग?

इथे तालमीची आठवण येते. सप्तशृंगीच्या डोंगरात पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांनी साधना केली आणि त्यातून मल्लखांब पुन्हा उभा राहिला, अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत खांबावर अंग कमानीसारखं वळतं, पण ते तिथे टिकून राहतं ते पकडीच्या जोरावर. नुसतं वळणारं अंग खाली घसरलं असतं. वाढलेला कोन ताकदीने वापरला नाही तर मेंदूही तो उघडा ठेवत नाही. शिवाय सांधा पूर्ण वाकवून केलेल्या ताकदीच्या व्यायामानेही लवचिकता वाढते, जवळपास स्थिर ताणाइतकीच, हे आता अभ्यासांतून दिसलं आहे.

त्यासाठी घरातला चौरंग पुरतो. भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. त्यावर पाच मोजत सावकाश बसा, पण बूड टेकायच्या आधी दोन आकडे अधांतरी थांबा, मग टेका, मग हात न लावता उठा. आठ वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस विश्रांती. पहिल्या आठवड्यात मांड्या थरथरतील. चौरंग सोपा झाला की दोन-तीन पाट एकावर एक, मग एकच पाट, मग जमीन. प्रत्येक पायरीला तीन-चार आठवडे द्या. धपकन बसणं ही सगळ्यात मोठी चूक. शेवटचे दहा सेंटीमीटर माणूस अंग सोडून देतो, आणि ताकद नेमकी त्याच दहा सेंटीमीटरमध्ये हवी असते.

ब्राझीलमध्ये डॉ. क्लॉडिओ गिल अरौजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. जमिनीवर बसायचे पाच गुण, उठायचे पाच. हात किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा, तोल गेला की अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना त्यांनी असं बसवलं-उठवलं आणि पुढे काही वर्षं पाहिलं. २०१२ च्या त्या अभ्यासात कमी गुण मिळालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. बसता-उठता येणं हेच आयुष्य वाढवतं असा त्याचा अर्थ काढू नये. पण ताकद, तोल, लवचिकता आणि वजन या चारही गोष्टी त्या एका हालचालीत उघड होतात. आपल्या पंगतींमध्ये ही परीक्षा दर लग्नात व्हायची, गुण कुणी मोजत नव्हतं एवढंच.

काही जणांनी मात्र थांबून विचार करावा. नमस्कारासाठी तळवे जोडा. बोटं आणि तळवे पूर्ण टेकत नसतील, मधे फट राहत असेल, आणि मधुमेह असेल, तर ताठरपणा व्यायामाअभावी आलेला नसावा. वाढलेल्या साखरेने ऊतींमधले धागे एकमेकांना चिकटतात, खांदाही असाच गोठतो. तिथे आधी साखर. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनी पाठ गोल करून पुढे वाकणं टाळावं, मणका दबून मोडू शकतो. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी उकिडवं किंवा मांडी स्वतःच्या मनाने करू नये. आणि ज्यांची कोपरं, गुडघे उलटे वळतात, अंगठा वळून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो, त्यांना आणखी लवचिकता नकोच आहे. त्यांना हवे आहेत सांध्याला धरून ठेवणारे मजबूत स्नायू. गंमत म्हणजे ताणायचे वर्ग अशाच लोकांनी भरतात, कारण त्यांना ते जमतं. ज्याला गरज असते तो शेवटच्या रांगेतून हळूच निघून जातो.

त्या सकाळी कापराचा वास, ओल्या पंच्यांचा वास आणि मागे कुणीतरी कावळ्याला घातलेली साद. गुरुजींनी सामान आवरता आवरता विचारलं, "वर्षश्राद्धाला इथेच येणार ना?" तो हो म्हणाला. वर्ष म्हणजे बावन्न आठवडे. सतरंजीच्या घड्या उतरायला दोन महिने, चौरंगावरून जमिनीवर यायला चार, आणि मधे लग्नसराई, आजारपण, कंटाळा यांत गेलेले दिवस धरूनही काही महिने उरतात. पंचेचाळिशीत स्नायू ऐकतात, सत्तरीतही ऐकतात, फक्त सावकाश. हे सगळं त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. अशा वेळी अनोळखी माणसाला गाठून खुबा आणि घोटा समजावणं शोभलं नसतं, म्हणून इथे लिहिलं.

आत्या उठली. हात कुठे टेकला नाही, गुडघ्यावरही नाही, पदर तेवढा सावरला. पुतण्याने स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं आणि तिच्या चपला शोधायला वाकला, एक हात मांडीवर रोवून. चपला पायरीच्या पलीकडे होत्या. "थांब," म्हणत ती स्वतःच खाली बसली आणि काढून आणल्या.